कासव क्रमांक ०३२३३ आणि देशाची जीवगणना

गुहागरच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२५ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालायला आली. कोकणाला यात नवल नाही. थंडीच्या दिवसांत ही कासवे येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि उजाडण्याच्या आत समुद्रात परततात. नवल होते ते तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर बसवलेल्या धातूच्या छोट्या पट्टीचे. तिच्यावर आकडा होता ०३२३३. जुन्या नोंदी तपासल्यावर कळले, की ही पट्टी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बसवली होती. बंगालच्या उपसागरातली मादी अरबी समुद्रात पोहोचली होती. श्रीलंकेला वळसा घालून ती आली असावी आणि हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर भरते, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला.

भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर येणारी ऑलिव्ह रिडले कासवे वेगवेगळ्या गटांतली असावीत, असे तोपर्यंत धरले जात होते. त्याला पहिला तडा गेला होता तो उलट दिशेच्या प्रवासाने. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह टॅग बसवलेली ‘बागेश्री’ ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. दोन कासवांवरून सिद्धांत उभा राहत नाही. पण जुन्या समजाकडे पुन्हा पाहायला तेवढे पुरेसे असते.

या गोष्टीतला महत्त्वाचा भाग बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. गुहागरात पट्टी पाहणाऱ्याला ती ओडिशात कोणी बसवली हे माहीत असण्याची गरज नव्हती. दोन्हीकडच्या माणसांनी आकडा एकाच पद्धतीने लिहिला, जपला आणि दुसऱ्याला शोधता येईल असा ठेवला, एवढेच पुरेसे ठरले. देशाची जैवविविधता मोजण्याचे सगळे शास्त्र शेवटी या साध्या शिस्तीवर उभे आहे.

यादी म्हणजे मोजमाप नव्हे

जगाच्या भूभागापैकी सुमारे २.४ टक्के भूभाग भारताकडे आहे आणि जगात नोंदलेल्या जीवजातींपैकी सात ते आठ टक्के जाती इथे सापडतात. वनस्पतींची नोंद ठेवण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० मध्ये आणि प्राण्यांसाठी प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली. शंभरहून अधिक वर्षांच्या कामातून जातींच्या मोठ्या याद्या तयार झाल्या आहेत.

पण यादी फक्त ‘काय आहे’ एवढेच सांगते. ते वाढते आहे की घटते आहे, कुठे घटते आहे आणि का, याचे उत्तर तिच्यात नसते. हे उत्तर आता द्यावेच लागणार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगातल्या देशांनी जैवविविधतेचा जागतिक आराखडा मान्य केला. त्यात २०३० पर्यंतची २३ उद्दिष्टे आहेत. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथील परिषदेत आपला सुधारित राष्ट्रीय कृती आराखडा मांडला. त्यातही उद्दिष्टे २३ आहेत. उद्दिष्ट गाठले की नाही हे सांगायचे तर आधी आणि नंतर, अशी दोन मोजमापे लागतात आणि ती दोन्ही एकाच मापाने केलेली असावी लागतात.

हवामानशास्त्रात हे फार पूर्वी ठरले. तापमान, पाऊस, वाऱ्याचा वेग या गोष्टी रत्नागिरीच्या वेधशाळेत आणि लंडनच्या वेधशाळेत एकाच रीतीने मोजल्या जातात. जीवसृष्टीसाठी अशी समान मापे ठरवण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडला. त्यात सहा बाजू आहेत : जीवांची जनुकीय विविधता, जातींची संख्या आणि पसारा, जातींचे गुणधर्म, एका जागी एकत्र राहणाऱ्या जातींचा समूह, परिसंस्थेची रचना आणि परिसंस्थेचे काम. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात काय होते, हे पाहायला रत्नागिरी जिल्ह्यासारखी जागा नाही. समुद्र, खाडी, कातळसडा आणि सह्याद्रीचा उतार असे सगळे इथे एका दिवसाच्या प्रवासात भेटते.

घरटी मोजली, कासवे नव्हेत

मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. त्याआधी अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी काढली जात. ग्रामस्थांना सोबत घेतल्यावर चित्र बदलले. पुढे आंजर्ले, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम पसरले आणि वनविभाग, कांदळवन कक्ष त्यात आले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीला उपग्रह टॅग बसवला गेला. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले.

कासवमित्र पहाटे किनारा चालून पाहतात. वाळूवर उमटलेल्या खुणांवरून घरटे ओळखतात, अंडी काळजीपूर्वक काढून कुंपण घातलेल्या जागेत तितक्याच खोलीवर पुन्हा पुरतात आणि तारीख, अंड्यांची संख्या, बाहेर आलेली पिल्ले यांची नोंद ठेवतात. पिल्ले बाहेर यायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. वाळूचे तापमान जास्त असेल तर माद्या जास्त निपजतात, कमी असेल तर नर जास्त. म्हणून तापमानाची नोंदही मोलाची ठरते.

हंगाम संपल्यावर ‘यंदा अमुक इतकी घरटी’ अशी बातमी येते आणि आकडा वाढला की कासवे वाढली असे सगळे समजतात. तज्ज्ञ मात्र लगेच दोन प्रश्न विचारतात. पहिला असा, की एक मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते, मग घरट्यांवरून माद्यांची संख्या कशी काढायची? दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. गेल्या वर्षी किती किनारे, किती रात्री, किती माणसांनी चालून पाहिले आणि यंदा किती? शोधणारे हात दुप्पट झाले तर घरटीही जास्त सापडणारच. ती वाढ कासवांची असेल किंवा नुसती शोधाची असेल. म्हणून घरट्यांच्या आकड्याशेजारी ‘श्रमाचा’ रकाना लागतो. तो रिकामा राहिला तर पंधरा वर्षांची मेहनतही तुलनेसाठी लंगडी पडते.

आठ दिवसांत लाखावर फुरशी

शोधाचे श्रम आणि प्रत्यक्ष संख्या यांची गल्लत झाली की काय होते, याचे नमुनेदार उदाहरण रत्नागिरीच्याच इतिहासात आहे. जिल्ह्यात फुरशाच्या दंशाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी ब्रिटिश सरकारने मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावले. १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली.

आकडा डोळे विस्फारणारा आहे. पण त्यावरून जिल्ह्यात किती फुरशी होती, हे कळत नाही. बक्षीस किती होते, किती माणसे दगड उलटत फिरली आणि ती कुठल्या गावांतून आली, यावर तो आकडा अवलंबून होता. मारल्यामुळे दंश कमी झाले का, हेही त्यातून ठरत नाही. रत्नागिरीत अधिकारी असलेले जी. डब्ल्यू. विडल यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फुरशावर लेख लिहिला आणि मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंचे मुख्य कारण हाच साप असल्याचे मांडले. याच विडल यांनी १८८० मध्ये दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली मोठी यादी छापली होती. सरकारी कचेरीतला आकडा आणि निसर्ग निरखणाऱ्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळातही दिसत होते.

सर्पदंशाच्या आकड्याने पुढे आणखी मोठा धडा दिला. रुग्णालयांच्या नोंदींवरून देशात सर्पदंशाने फार थोडी माणसे मरतात असे दिसे. कारण अनेक जण रुग्णालयात पोहोचतच नव्हते. ‘मिलियन डेथ स्टडी’ या अभ्यासात प्रशिक्षित माणसे घराघरांत गेली आणि मृत्यू कसा झाला हे त्यांनी कुटुंबीयांना विचारले. ते टिपण दोन डॉक्टरांनी एकमेकांशी न बोलता वाचून कारण ठरवले. दोघांचे जुळले नाही तर त्यांनी फेरविचार केला आणि तरीही न जुळल्यास तिसऱ्या डॉक्टरने निर्णय दिला. या पद्धतीवर आधारलेला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाला सरासरी ५८ हजार. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तज्ज्ञांनी एकमेकांचे तपासण्याची ही रीत नसती तर प्रश्नाचा आवाकाच समजला नसता.

इथे जैवविविधता आणि आरोग्य एकमेकांना भिडतात. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार होते आणि त्यासाठीचे विष प्रामुख्याने तामिळनाडूतून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, असे संशोधनातून पुढे आले आहे. म्हणून कुठल्या भागात कुठला साप आहे, त्याची जात नेमकी कोणती आणि त्याचे विष कसे आहे, ही माहिती केवळ प्राणिशास्त्राची राहत नाही. ती लशीच्या परिणामाशी जोडलेली असते.

‘पड’ जमीन, पण कोणाच्या लेखी?

फुरशाचे घर म्हणजे जांभ्याचा कातळसडा. वर्षातले आठ महिने तो काळा, तापलेला आणि ओसाड दिसतो. त्यामुळे सरकारी दफ्तरात असे सडे बहुतेक पडीक किंवा खडकाळ जमीन म्हणून नोंदले जातात. पहिल्या पावसानंतर मात्र चित्र पालटते. कोकणाबाहेर क्वचितच दिसणारी पांढऱ्या फुलांची दिपकाडी उमलते, मग गेंद, सीतेची आसवं, कीटक खाणारे दवबिंदू असा क्रम लागतो. कातळावरच्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. चार महिन्यांचा हा संसार दिवाळीनंतर पाहणी करणाऱ्याला दिसतच नाही. मोजणी कोणत्या महिन्यात केली, यावर सडा ‘समृद्ध’ ठरतो की ‘ओसाड’.

दगडाखालचे जग आणखी दडलेले आहे. पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची एक छोटी पाल फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतच सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या नमुन्यांवरून १९६३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे जनुकीय अभ्यासानंतर तिची प्रजाती बदलून ती हेमिडॅक्टायलस या प्रजातीत गणली गेली. संशोधकांनी अलीकडे या दोन जिल्ह्यांतल्या सड्यांवर हजारो दगड उचलून पाहिले आणि जसेच्या तसे परत ठेवले. मूळ कातळ, सोडून दिलेली भातखाचरे आणि आंबा-काजूच्या बागा यांची त्यांनी तुलना केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदललेल्या जमिनीवर ही पाल कमी आढळली.

यात गुंता आहे तो माणसांच्या पोटाचा. कातळ फोडून, माती भरून लावलेली हापूसची कलमे हे इथल्या कुटुंबांचे उत्पन्न आहे. त्यांना कोणी ‘कातळ तसाच ठेवा’ म्हणून सांगायचे तर कोणता सडा, किती सडा आणि का, हे आकड्यांनिशी सांगावे लागेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात खास अभ्यासासाठी होते. त्या अहवालावरून झालेला वाद आठवला की लक्षात येते, की तज्ज्ञांनी आपसात एकमत करणे हे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे ते गावकऱ्याला पटेल अशा भाषेत आणि त्याचे ऐकून घेऊन मांडणे.

पापलेटचे नाव बदलले

मोजणीच्या आधी नाव ठरावे लागते. मिरकरवाड्याच्या बंदरावर ज्याला पापलेट म्हणतात त्यालाच मालवणकडे सरंगा म्हणतात. शास्त्रीय नाव देऊन हा घोळ मिटतो, असे आपण समजतो. पण भारतातल्या रुपेरी पापलेटला वर्षानुवर्षे पॅम्पस आर्जेन्टियस म्हटले जात होते. जनुके आणि शरीररचना तपासल्यावर भारतीय संशोधकांनी दाखवले, की आपल्या पाण्यातली जात वेगळी आहे. तिचे नाव पॅम्पस कॅन्डिडस. २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून गौरवलेला तो हाच.

नाव बदलल्याने माशाच्या चवीत फरक पडला नाही. पण मासा कोणत्या वयात प्रजनन करतो, किती वाढतो, किती पकडला तर साठा टिकेल, ही गणिते जातीनुसार असतात. दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या जातीचे आकडे आपल्याकडे वापरले तर निष्कर्ष चुकतात. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातील माशांच्या उत्पादनाचा अंदाज काढते. तो काढताना प्रत्येक होडी मोजत नाहीत. बंदरांचे गट पाडतात, पाहणीचे दिवस ठरलेल्या नियमाने निवडतात, त्या दिवशी काही होड्यांतील मासळी जातवार नोंदवतात आणि त्यावरून गणिताने एकूण अंदाज बांधतात. शिताची परीक्षा घ्यायची, पण शीत कुठल्या बाजूचे उचलायचे हे आपल्या मर्जीवर सोडायचे नाही, असे हे शास्त्र आहे.

तीस हजार निरीक्षकांची भाषा

सामान्य माणसांच्या नोंदींतून राष्ट्रीय मोजमाप उभे राहू शकते, हे पक्ष्यांनी दाखवले. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालासाठी १३ संस्था एकत्र आल्या. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरून ९४२ जातींचा आढावा घेतला गेला.

युक्ती साधी होती. निरीक्षकाने किती वेळ पाहिले ते लिहायचे आणि दिसलेले सगळे पक्षी नोंदवायचे, फक्त आवडलेले किंवा दुर्मीळ नव्हेत. अशी पूर्ण यादी असली की जो पक्षी त्यात नाही तो दिसला नाही, असे धरता येते. न दिसणे हीही नोंद ठरते. मग शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे आणि वीस वर्षांपूर्वी किती याद्यांत होती, ही तुलना शक्य होते. इतके करूनही दीर्घकालीन कल फक्त ३३८ जातींबाबत सांगता आला. त्यातल्या ६० टक्के जाती घटल्या आहेत. उरलेल्या सहाशेहून अधिक जातींबाबत पुरेशी माहिती नाही, असे तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिले. आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची मर्यादा सांगणे महत्त्वाचे. अहवालावर विश्वास बसतो तो त्यामुळे.

गावाची नोंदवही

जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांना विचारून ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करायला हवी. गावातल्या वाणांची, औषधी झाडांची, माशांची, जनावरांची आणि त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची ही वही. बरीच वर्षे हे काम मागे पडले. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर मात्र वेग आला आणि देशात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर आल्या.

मुदतीच्या घाईत केलेल्या नोंदवहीचा धोका उघड आहे. शेजारच्या गावाची यादी उतरवली तर रकाने भरतात, माहिती वाढत नाही. उलट खाडीतला कोणता मासा आजोबांच्या वेळी मिळायचा आणि आता मिळत नाही, कोणत्या सड्यावर दिपकाडी कधी उमलते, कोणत्या बावीचे पाणी कधी आटते, हे गावाबाहेरच्या तज्ज्ञाला ठाऊक नसते. हे सांगणारी म्हातारी, ते शास्त्रीय नावाशी जोडणारा महाविद्यालयातला प्राध्यापक आणि ती नोंद देशाच्या संचात नेणारी यंत्रणा, या तिघांत संवाद असेल तरच नोंदवही जिवंत राहते.

रत्नागिरीकरांना या कामात हात लावायला फार मोठी सामग्री लागत नाही. जे पाहाल त्याचे ठिकाण, तारीख, वेळ आणि किती वेळ पाहिले ते लिहावे. स्थानिक नाव आवर्जून लिहावे. ओळख पटत नसेल तर अंदाजाने नाव न देता छायाचित्र जोडावे. शोधूनही सापडले नाही, तेही लिहावे. कासवाच्या पायावर पट्टी दिसली तर ती काढू नये. आकडा टिपून वनविभागाला कळवावा. दर वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा जावे. एका नोंदीपेक्षा दहा वर्षांची सलग नोंद कितीतरी मोलाची.

सड्यावर फिरताना दगड हाताने उलटू नयेत आणि बूट घालावेत, हे सांगायलाच हवे. फुरसे चावले तर जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. तिथे रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून गोठते का ते पाहतात. गोठले नाही तर विष रक्तात भिनल्याचे समजते आणि लस द्यायचा निर्णय होतो. महागडे यंत्र लागत नाही. फक्त नळी स्वच्छ हवी, वीस मिनिटे पुरी हवीत आणि निकाल केसपेपरवर वेळेसह लिहिलेला हवा, म्हणजे पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरलाही तो वाचता येईल.